जेथे आहे, जसे आहे

दाजींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तेव्हा मी हिंजवडीला ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. पेपरातल्या जाहिरातीचा फोटो होता. बँकेचा ई-लिलाव. बारामती एमआयडीसीतला हजार चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर साडेतीन हजार चौरस फुटांचं शेड, राखीव किंमत ७८ लाख रुपये. खाली दाजींनी एवढंच लिहिलं होतं, "पाव्हणं, रविवारी येताय का?"

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. गेली ११ वर्षं ते बारामतीला एका कंपनीत सीएनसी मशिनवर आहेत. ऑपरेटर म्हणून लागले, आता शिफ्ट सुपरवायझर आहेत. चाळिशी जवळ आली की आपलं नाव कुठल्यातरी पाटीवर दिसावं असं माणसाला वाटायला लागतं. नोकरी सोडायची, दोन मशिनं घ्यायची, जॉबवर्क सुरू करायचं आणि ते स्वतःच्या जागेत करायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. बँकेचंही एक ठरलेलं होतं: सहकर्जदार पाहिजे, आणि त्याच्याकडे पगाराची स्लिप पाहिजे. दाजी नोकरी सोडणार म्हटल्यावर दोन्ही घरांत मिळून स्लिप उरते ती माझी.

सहकर्जदार हा शब्द ऐकायला सहलीला निघाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात हप्ता थकला की बँक पहिल्याकडे जेवढ्या हक्काने जाते तेवढ्याच हक्काने दुसऱ्याकडे येते. वाकडला वन बीएचके बघायचं मी नुकतंच सुरू केलं होतं. ही सही केली की ते पुढची दहा वर्षं विसरायचं होतं. इंजिनिअर माणूस घाबरला की एक्सेल उघडतो. मीही उघडली. फाइलला नाव दिलं 'शेड_फायनल'.

बारामती म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते. आमच्याकडच्या पोरांना आधी एमआयडीसी आठवते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली सुरू झालं, आणि त्याची ही वसाहत बारामतीपासून भिगवणकडे जाताना लागते. तुमच्या गावात फिरणाऱ्या ॲपे रिक्षा पियाजिओच्या इथल्या कारखान्यातून निघतात, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही. भारत फोर्ज आहे, चीज बनवणारी डेअरी आहे, फेरेरोची चॉकलेटं आहेत, बायकांना मोठ्या संख्येने काम देणारा टेक्स्टाइल पार्क आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ऊस गाळण्यापासून सुरू झालेल्या तिथल्या उद्योगाने पुढे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवले. त्यामुळे 'वर्कशॉपला आहे' हे आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत अभिमानाने सांगतात.

पण मोठ्या कंपन्यांची कमान सोडून मागच्या रस्त्यांना गेलं की वेगळी एमआयडीसी दिसते. पत्र्याची शेडं, दारात मोटारसायकली, आतून कॉम्प्रेसरचा आवाज, बाहेर निळ्या बॅरलमध्ये लोखंडाचा चुरा. मोठ्याला लागणारा एखादा शाफ्ट, एखादा बुश, एखादी पिन इथे तयार होते. दाजींना या रांगेत यायचं होतं.

लिलावाचं शेड बघायच्या आधी आम्ही दोन जागा बघून घेतल्या. एक पुणे-सोलापूर हायवेवर, लोणी देवकरच्या एमआयडीसीत. मोकळा प्लॉट, रस्ता झकास. पण मोकळा प्लॉट घेतला की ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो, नाहीतर मुदतवाढीचे पैसे भरत बसायचं. आधी बांधकाम, मग मशिनं, मग काम, तोवर घर कशावर चालवायचं? दुसरी जागा एमआयडीसीच्या बाहेर, गट नंबरातलं शेड. स्वस्त होतं. सातबारा उघडला तर 'भोगवटादार वर्ग-२'. म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणार, आणि ती न घेताच मालक "आपण नोटरी करू की" म्हणत होता. ताई म्हणाली, "नोटरीवर तर मी भिशीचे पैसेपण देत न्हाय." तिथून आम्ही चहा न पिता निघालो.

उरलं लिलावाचं शेड.

लिलावाच्या नोटिशीत पाहणीची तारीख दिलेली असते. त्या दिवशी बँकेचा माणूस कुलूप उघडतो, तुम्ही फिरून बघता, तो फोनवर बोलत बाहेर उभा राहतो. गेटवर ताबा घेतल्याची नोटीस चिकटवलेली होती. उन्हाने कागद पिवळा पडला होता, मालकाचं नाव अजून वाचता येत होतं. मी फोटो काढणार होतो, पण हात खिशातून निघाला नाही.

माझ्या यादीत १९ मुद्दे होते. पत्र्याची उंची, जमिनीचा कोबा, पावसाचं पाणी कुठून जातं, ट्रेलर वळेल का, थ्री-फेजचा मंजूर भार किती. मी मोबाइलवर एकेक टिक करत होतो. पत्रे दोन ठिकाणी फाटलेले. एका बाजूला भिंतीला टेकून वाढवलेली पडवी, जी मंजूर नकाशात नव्हती. प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा त्या पडवीने खाल्ली होती. म्हणजे उद्या पाडावी लागेल किंवा दंड भरून नियमित करावी लागेल. मीटरच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या.

दाजी यातलं काही बघत नव्हते. ते खाली बघत चालले होते.

"इथं दोन टर्निंग होत्या," ते म्हणाले. जमिनीत गॅस कटरने कापलेले बोल्ट होते आणि त्यांच्यामध्ये कोब्याचा एक स्वच्छ चौकोन, बाकी सगळीकडे तेलाचा काळा थर. "इथं व्हीएमसी. हितं ड्रिलिंगची रांग. माणूस ह्या अंगाला उभा ऱ्हायचा, बघा, जमीन कशी गुळगुळीत झालीय." रिकाम्या शेडात त्यांना सगळी मशिनं चालू दिसत होती. भिंतीवर गणपतीच्या फोटोची खिळ्यासकट जागा होती, शेजारी एक पांढरा फळा. फळ्यावर मार्करने आखलेला तक्ता, पार्ट नंबर, आजचं टार्गेट, झालेलं काम. कुणी पुसलाच नव्हता.

दाजी त्या फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं अक्षर लागत नाही. मग म्हणाले, "सगळ्या नंबरांची सुरुवात एकच हाय."

"म्हणजे?"

"म्हणजी गिऱ्हाईक एकच."

गेटवरचा वॉचमन आमच्या मागे मागे येत होता. पन्नाशीचा माणूस, अंगावर सिक्युरिटी एजन्सीचा शर्ट. तो म्हणाला, "खरंय. बाहेरच्या राज्यातली कंपनी व्हती. पंपाचे पार्ट. चांगलं चाललं व्हतं, मग ऑर्डर निम्मी झाली, मग बंद झाली. मालक वाईट नव्हता." थोडं थांबून त्याने ड्रिलिंगच्या रांगेकडे बोट केलं. "नऊ वर्षं मी हितंच उभा व्हतो." जमीन गुळगुळीत झाली होती ती जागा त्याने दाखवली. दाजींनी आधीच ओळखलेली. आता तो रात्री त्याच शेडाची राखण करत होता, बँकेकडून. जाताना त्याने विचारलं, "तुमी घेतलं तर माणसं लागतील का?" आम्ही दोघंही काहीतरी पुटपुटलो. शेवटच्या आठ महिन्यांचा पीएफ भरलेला नाही असं तो म्हणाला.

तक्रार म्हणून त्याने ते सांगितलं नव्हतं, पण माझ्या १९ मुद्द्यांत तो मुद्दा नव्हता. घरी येऊन मी वाचत बसलो तेव्हा कळलं की मालकाने थकवलेल्या पीएफचा बोजा कायद्याने त्या आस्थापनेच्या मालमत्तेवर इतर देण्यांच्या आधी बसतो. लिलावाच्या जाहिरातीत 'बँकेला ज्ञात असलेले बोजे: निरंक' असं लिहिलेलं होतं. त्या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'ज्ञात' हा आहे. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात होतं, 'जेथे आहे, जसे आहे, जे काही आहे' या तत्त्वावर विक्री. म्हणजे फाटका पत्रा तुमचा, पडवी तुमची, आणि नंतर जे निघेल तेही तुमचंच.

विजेचं असंच. जुन्या बिलावरून ग्राहक क्रमांक मिळाला, महावितरणच्या साइटवर टाकला, तर थकबाकी ३ लाख ४० हजार. "ती जुन्या मालकाची, आपला काय संबंध?" असं दाजी म्हणाले, आणि मलाही तेच वाटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली के. सी. निनन खटल्यात सांगितलं की जुनी थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी मिळणार नाही, अशी अट नियमांत घालता येते. जागा विकत घेणाऱ्याने आधी विचारून घ्यायचं. आम्ही विचारलं. मग मी एक्सेलमध्ये रांग वाढवली.

सगळ्यात मोठा धक्का मात्र वेगळाच होता. एमआयडीसीचा प्लॉट विकत मिळत नाही. महामंडळ तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतं. या प्लॉटचा करार १९९६ चा. म्हणजे २०९१ पर्यंत, आणि आमच्या हातात येणार होती उरलेली ६६ वर्षं. नाव बदलायला महामंडळाची परवानगी, हस्तांतरणाचं शुल्क, वापर बदलला तर पुन्हा परवानगी. मी हे दाजींना गाडीत सांगितलं. ते भिगवणच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थांबले.

"म्हणजी आपली न्हायच?"

"६६ वर्षं आपली. तोवर तुमचा नातू म्हातारा होईल, दाजी."

"पण आपली न्हाय."

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं, कारण दाजी समोर बघत होते आणि समोर उजनीचं पाणी होतं. दाजींचं मूळ गाव पळसदेवच्या बाजूचं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्यांच्या आजोबांची काळी जमीन त्या पाण्याखाली आहे. दुष्काळात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात आलं तेव्हा पुण्यामुंबईचे लोक ड्रोन घेऊन फोटो काढायला आले होते. दाजी पोरांना घेऊन गेले होते ते देवळाच्या पलीकडे बोट दाखवायला, तिथे आपलं वावर होतं म्हणून. "आज्याला कुणी इचारलं नव्हतं, जमिनीची किंमत किती समजतोस," ते म्हणाले. "मोजणारे आले, लिहून गेले."

स्वतःच्या जागेचा हट्ट कुठून येतो ते मला तेव्हा कळलं. मी तोवर त्याला 'इमोशनल फॅक्टर' असं नाव देऊन एक्सेलमध्ये पाच टक्के वजन दिलं होतं.

रात्री ताईकडे जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. जागेची किंमत काढायचे ढोबळ मार्ग तीन: तसंच शेड आज बांधायला किती लागेल आणि त्यातून झीज किती वजा करायची, आसपास नुकते काय भावाने व्यवहार झाले, आणि जागा भाड्याने दिली तर किती येईल. बँकेच्या मूल्यांकनाच्या अहवालातही बहुतेक वेळा तीन आकडे असतात: बाजारभाव, प्रत्यक्षात हातात येऊ शकेल ती किंमत, आणि घाईने विकावं लागलं तर येणारी किंमत. शेवटचा आकडा वाचताना मला त्या पिवळ्या कागदावरचं नाव आठवत होतं. कुणाच्यातरी घाईवर आमचा फायदा मोजायचा होता.

मला भाड्याचा हिशेब जास्त पटला, कारण तो पडताळता येतो. बाजूच्याच रांगेतल्या दोन गाळ्यांचं भाडं विचारून आलो होतो, चौरस फुटाला १४ रुपये. साडेतीन हजार फुटांचे महिन्याला ४९ हजार. आता विकत घ्यायचं तर लिलावात बयाणा १० टक्के, ७ लाख ८० हजार. बोली लागली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के पूर्ण करायचे, साडेएकोणीस लाख. बाकीचे साडेअठ्ठावन्न लाख विक्री पक्की झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवून दिली तरच सुटका, नाहीतर भरलेले पैसे जप्त. १५ दिवसांत नवं कर्ज मंजूर होणं म्हणजे नशिबाचा भाग. झालंच, तर साडेअठ्ठावन्न लाखांचा १० टक्क्यांनी १० वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण ७७ हजार. त्यावर मुद्रांक शुल्क, हस्तांतरण, वीज, पत्रे. ७८ चा आकडा नव्वदीला टेकत होता, आणि अजून एकही मशिन आत आलेलं नव्हतं.

"पण भाडं जातं ते जातं," दाजी म्हणाले. "हप्ता जातो तो जागेत जातो." हे खोटं नाही. माझ्याकडे त्यावर उत्तर म्हणून एक आलेख होता, पण दाखवायची हिंमत झाली नाही.

ताई भांडी विसळून हात पुसत येऊन बसली. लग्नाआधी तिने तीन वर्षं एका गारमेंट युनिटमध्ये शिलाईच्या लाइनवर काम केलंय. बयाण्यासाठी तिचे दागिने ठेवायचे होते, त्यामुळे तिला बोलायचा अधिकार आमच्या दोघांपेक्षा जास्त होता. तिने आकडे बघितले नाहीत. दाजींना विचारलं, "त्या फळ्यावरचं मला सांगितलंत ते. आपल्याकडं किती गिऱ्हाईकं हायती?"

दाजी गप्प.

"एकच ना? तुमच्याच कंपनीचे साहेब काम देतो म्हणालेत, तेवढंच?"

"साहेबांनी शब्द दिलाय."

"त्यांची बदली झाली तर?" ताई म्हणाली. "आमच्या लाइनला पण एकच ऑर्डर असायची. ती थांबली की आम्ही ऐंशी बाया जेवायचे डबे घेऊन परत. मशिनं सगळी तिथंच, नवी कोरी."

दिवसभर आम्ही शेड तपासत होतो. पत्रा, कोबा, करार, बोजा, मीटर. ते शेड बुडालं त्यात पत्र्याचा काहीच दोष नव्हता. फळ्यासमोर उभं राहून दाजींना ते दिसलं होतं, म्हणून तर ते तेवढा वेळ तिथे उभे होते. आपल्यालाच बघत होते. जी चूक त्या मालकाला भोवली तीच चूक आम्ही त्याच जागेत, त्याच बोल्टांवर पुन्हा बसवणार होतो, फक्त सहकर्जदार वेगळा.

आणि खरं सांगायचं तर मलाही झोप लागली नाही ती शेडामुळे नाही. मी चार वर्षं एकाच अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे. आमच्या मजल्यावरची शेजारची टीम डिसेंबरात एका ईमेलवर संपली. खुर्च्या, मॉनिटर, व्हाइटबोर्डवरची डिझाइन, सगळं जागच्या जागी. ज्या पगाराच्या स्लिपवर दोन्ही घरं टेकून उभी राहणार होती, तिलाही गिऱ्हाईक एकच होतं. हा रकाना मी माझ्या एक्सेलमध्ये घेतलाच नव्हता. स्वतःची किंमत काढताना आपण सगळेच बाजारभाव धरतो, घाईने विकावं लागलं तर काय येईल ते धरत नाही.

सकाळी मी दाजींना माझं हे सांगितलं. कर्जाला नाही म्हणायचं होतं म्हणून नाही, पण सही करणाऱ्याचीही पाहणी व्हायला हवी म्हणून. ते ऐकून घेत राहिले. "तुमचं पण असं असतंय होय?" एवढंच म्हणाले. पुण्यात काचेच्या बिल्डिंगमध्ये बसणाऱ्याची नोकरी पक्की असते असं त्यांना ११ वर्षं वाटत आलं होतं, आणि मीही ते वाटू दिलं होतं.

आम्ही बयाणा भरला नाही. दाजींनी एमआयडीसीतच १,८०० फुटांचा गाळा भाड्याने घेतला. मूळ प्लॉटधारकाकडे पोटभाड्याची महामंडळाची परवानगी आहे का ते आधी बघितलं, करार नोंदवला. दोनऐवजी एकच मशिन, तेही वापरलेलं. त्याच्या १८ लाखांच्या कर्जावर माझी सही आहे. ताईचे दागिने कपाटात आहेत. पंधरा दिवस दाजी माझ्याशी तुटक बोलत होते. मला ते समजत होतं. माणूस स्वतःची जागा घ्यायला निघाला होता आणि भाडेकरू होऊन परत आला होता.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शोध सोपा नाही. साहेबांचं काम चालू आहे. आमच्या दोन तालुक्यांत साखर कारखाने आहेत, सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, आणखीही. गाळप संपलं की उन्हाळ्यात त्यांची दुरुस्ती निघते: शाफ्ट, बुश, पंपाचे भाग. काम भरपूर, बिल उशिरा, म्हणून सीएनसीवाले तिकडे फारसे वळत नाहीत. दाजी मोटारसायकलवर सॅम्पल बांधून फिरतायत.

जूनमध्ये पुन्हा एक फोटो आला. तीच जाहिरात, तेच शेड. पहिल्या लिलावात कुणी आलं नसावं. राखीव किंमत ७० लाख २० हजार. खाली दाजींचा मेसेज, "सत्तर झाली."

मी लिहिलं, "दुसरं गिऱ्हाईक?"

निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. संध्याकाळी आणखी एक फोटो आला. मशिनमध्ये पकडलेला जाडजूड शाफ्ट, त्यावर खडूने लिहिलेलं एका साखर कारखान्याचं नाव. "हे बघा," दाजींनी लिहिलं होतं. "एकच नग हाय. पण हाय."

एक नग म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी 'शेड_फायनल' उघडली, ७८ खोडून ७०.२ टाकलं आणि हप्ता किती कमी होतो ते बघत बसलो. मग फळ्यासाठी एक नवा रकाना केला, त्यात एक लिहिलं, आणि फाइल बंद केली.